वळता येतं ना? मग बसा

डिसेंबर लागला की मोबाईलवर केक सुरू होतात. बिनअंड्याचा, बिनओव्हनचा, कढईतला, इडलीपात्रातला, कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर भांडं ठेवून केलेला, बिस्किटांचे पुडे कुस्करून दुधात कालवलेला. लातुरातल्या दोन खोल्यांच्या घरात दोन शेगड्यांवर संसार करणारी बाई हे बघते आणि तिच्या मनावर एकच गोष्ट ठसत जाते. सुट्टीत लेकरांना काही खास करून घालायचं तर ओव्हन लागतो. तो आपल्याकडे नाही. तेव्हा आपण करू ते दुय्यम.

मला या समजुतीचा राग आहे. केकचा नाही. केक चांगला असतो, बेकरीतून आणावा, वाढदिवसाला कापावा, आनंदाने खावा. राग येतो तो कोरड्या कुकरचं बूड जाळण्याचा, तासभर जीव टांगणीला लावून मध्येच बसलेला एक गोळा ताटात काढण्याचा, आणि त्या गोळ्याकडे बघून "मला गोडाधोडाचं काही जमत नाही" असं स्वतःबद्दल ठरवून टाकण्याचा.

गंजगोलाईत जाऊन उभं राहा. १९१७ साली बांधलेली ती गोल दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ, आणि तिथं येऊन मिळणारे सोळा रस्ते. त्या रस्त्यांवर तीळ मिळतात, शेंगदाणे मिळतात, दाळवं, मुरमुरे, राजगिऱ्याच्या लाह्या, खारीक, खोबरं, डिंक, खसखस मिळते. गुळाचं तर लातुरात अख्खं मार्केट आहे. ज्या जिल्ह्यात तूर, हरभरा, ज्वारी, गहू आणि ऊस पिकतो, त्या जिल्ह्यातल्या माणसाने गोड करता येत नाही म्हणून हळहळावं, हे मला पटत नाही. वर सांगितलेल्या सगळ्या जिनसा एका पिशवीत मावतात. त्यातली एकही भट्टीत घालावी लागत नाही.

भट्टीचंच खायचं असेल तर त्याचीही रीत आपल्याकडे होती, आणि ती फार शहाणी होती. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप नाहीतर डालडा घेऊन बेकरीत जायचं. बेकरीवाला वजन करून घ्यायचा, मळायचा, नानकटाईचे गोळे करायचा किंवा साच्यातून बिस्किटं पाडायचा, पत्रे भट्टीत सरकवायचा आणि किलोवर मजुरी घ्यायचा. नंबर लावून बसावं लागे. घरातलं एखादं लेकरू राखणीला बसवलेलं असे, आपल्या तुपाची बिस्किटं दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नयेत म्हणून. तेलाचा घासून वाळवलेला चौकोनी पत्र्याचा डबा भरून घरी यायचा आणि पुढे कितीतरी दिवस चहाबरोबर पुरायचा. काही बेकऱ्या अजूनही असं करून देतात, जाऊन विचारावं.

त्या रीतीतली मला आवडणारी गोष्ट अशी, की भट्टी कुणाच्याच घरी नव्हती आणि त्याची कुणालाच लाज नव्हती. गल्लीतली पिठाची गिरणी, पेठेतला भडभुंजा आणि बेकरीची भट्टी ही सगळ्यांची असायची. घराने माल चांगला द्यायचा, आगीचं काम आगीपाशी रोज उभं राहणाऱ्याने करायचं. वर्षातून चार वेळा लागणारं यंत्र प्रत्येक ओट्यावर असावं हा हट्ट नंतरचा. तो ज्याला परवडतो त्याने खुशाल पुरवावा. ज्याला परवडत नाही त्याला कमीपणा वाटावा असं त्यात काही नाही.

आता आमच्या खऱ्या डिसेंबरकडे येते.

लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि पलीकडे कर्नाटकातलं बीदर, कलबुर्गी. या पट्ट्यात मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस असते, कागदावरची दर्श वेळा अमावस्या. २०२४ साली ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. लातूरचे जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. दुकानं बंद, रस्ते ओस, कारण सगळं शहर शेतात गेलेलं असतं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावलेलं असतंच. शेतात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, रानात चहूकडे अंबिल शिंपडायची आणि मग पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, अंबिल, गव्हाची खीर, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे.

हे पान नीट बघा. भज्जी शिजवलेली, उंडे वाफवलेले, अंबिल आंबवलेली, खीर मंद आचेवर रटरटलेली, पोळी तव्यावरची. ऐन डिसेंबरच्या सुट्टीतलं एवढं भरलेलं पान, आणि त्यात भट्टीचा कुठे पत्ता नाही. पुढे थोडी थंडी वाढली, ज्वारीची कणसं दाण्यात आली की हुरडा. आगटीच्या निखाऱ्यात कणीस भाजायचं, हातावर चोळायचं, फुंकर घालून खायचं, सोबत चटणी आणि गुळाचा खडा. हा मेवा तर भांड्याशिवायचा.

पण या पानामागे कोण असतं? आदल्या संध्याकाळपासून बायका असतात. भज्जीसाठी तुरीच्या शेंगा, वाटाणे, वाल, ओला हरभरा सोलायचा, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात निवडायची, गाजरं, वांगी चिरायची, चिंच भिजवायची, बेसन ताकात कालवून सगळं एका मोठ्या भगुन्यात शिजवायचं. शेजारी उंड्यांचं पाणी उकळत असतं, पोळ्यांसाठी तीळकूट कुटायचं असतं. कितीतरी घरांत त्या रात्री बाई पाठ टेकवत नाही. सकाळी पुरुष अंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन शेताकडे निघतात. त्या बिंदग्याला मान आहे, तो असावाच. ते भरणाऱ्या हातांनाही त्या रात्री दोन तास झोप मिळावी, एवढंच मला म्हणायचं आहे. आणि तसं म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं.

"वहिनी, आम्हाला यातलं काही येत नाही."

भज्जी येत नाही हे मला मान्य आहे. ताकातलं बेसन न फाटता आळवायला, आंबट-तिखट जुळवायला हात मुरावा लागतो. उंड्याचं पीठ किती घट्ट मळायचं हेही सवयीनेच कळतं. पण लाडू? ज्या हातांना कडब्याची पेंढी आवळून बांधता येते, बैलाची वेसण घालता येते, पंपाची मोटर खोलून जोडता येते, मोबाईलची काच बदलता येते, त्या हातांना भाजलेले दाणे आणि गूळ एकत्र दाबता येत नाहीत, हे मी ऐकून घेणार नाही.

तेव्हा आजचं सदर त्या "येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी. घरच्या बाईने वाचून, घडी घालून, ज्याला द्यायचं त्याच्या हातात द्यावं.

पहिला शेंगदाण्याचा लाडू, कारण त्यात हरण्यासारखं काही नाही. पाव किलो शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. घाई केली तर वरून काळे आणि आतून कच्चे राहतात. चिमटीत चोळल्यावर फोलपट सुटलं की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरला लावले की त्याचा चिखल होतो. चोळून, पाखडून फोलपटं काढा. आता परातीत पसरून एक नजर फिरवा. सुरकुतलेला, काळा पडलेला, बुरशी धरलेला दाणा वेचून टाका. असा एक दाणा सगळे लाडू कडवट करतो, आणि ती बुरशी पोटात जाणं चांगलं नाही. मग दाण्यांचा जाडसर कूट करा, त्यात पावणेदोनशे ग्रॅम बारीक चिरलेला गूळ घाला आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. ते थोडं बाहेर येतं आणि तेच गुळाला धरून ठेवतं. तूप नको, दूध नको, पाक नको. सलग फिरवलं तर तेल जास्त सुटून मिश्रण लिबलिबीत होतं, एवढंच सांभाळायचं. मूठ दाबली आणि ती तशीच राहिली की थांबा, वळायला घ्या. वीसेक लाडू होतात. पाण्याचा हात लागू दिला नाही तर पंधरा दिवस छान राहतात, राहू दिले तर.

दुसरा दाळव्याचा. याला विस्तवच लागत नाही. दाळवं आधीच भाजलेलं असतं, म्हणजे सगळ्यात कटकटीचं काम भडभुंज्याने उरकून दिलेलं असतं. ते मिक्सरला बारीक करून चाळून घ्या. दोन वाट्या पिठाला एक वाटी पिठीसाखर, दोन वेलदोड्यांची पूड, आणि अर्धी वाटी पातळ तूप. तूप एकदम ओतू नका. चमच्याचमच्याने घाला आणि पिठाला बोटांनी चोळत जा. लाडू बसू लागला की तूप थांबवा. थंडीत तूप गोठतं, म्हणून वाटी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवायची. बेसनाचा लाडू भाजायला अर्धा-पाऊण तास कढईपाशी उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात दारावर कुणी आलं तर बेसन करपतं. हा लाडू त्याचाच भाऊ आहे आणि नवशिक्याला कधी दगा देत नाही.

तिळाशी मात्र थोडं जपून. संक्रांतीला बहुतेकांची भीती तिळाची नसते, पाकाची असते. गूळ तापला की त्यातलं पाणी उडत जातं आणि तो टप्प्याटप्प्याने घट्ट होतो. कुठल्या टप्प्यावर गॅस बंद करायचा, सगळा खेळ तेवढाच आहे. शेजारी गार पाण्याची वाटी ठेवा आणि त्यात थेंब टाकत राहा. थेंब पसरला तर अजून वेळ आहे. बोटांनी गोळा होतो आणि दाबला तर दबतो, हा गोळीबंद पाक, मऊ लाडवाचा. थेंब काचेचा होऊन कट्‌कन मोडला तर तो चिक्कीचा. या दोन टप्प्यांत अंतर फार थोडं असतं आणि गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून आच मंद आणि नजर कढईवर. हे जमेपर्यंत काय करायचं? पाक करूच नका. तीळ खमंग भाजा, गार करा, निम्मे भरडा, मऊ गूळ घालून मिक्सरला लावा आणि शेंगदाण्यासारखेच वळा. तिळातही निम्म्याच्या आसपास तेल असतं, लाडू बसतो. तोंडात घातला की विरघळतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या दातांना सोसतो. तिळगूळ कडकच हवा असा कुठे नियम नाही.

मलिदा तर उरलेल्या पोळ्यांचा. दर्ग्याच्या संदलला असतो, तसा घरीही करावा. सकाळच्या पोळ्या हाताने बारीक कुस्करा, गूळ चोळा, तूप घाला, खोबऱ्याचा कीस घाला. सात-आठ वर्षांचं लेकरू हे एकटं करू शकतं, आणि त्याला करू द्यावं. ओट्यावर सांडेल ते पुसून घेता येतं.

गोड नको असेल त्याच्यासाठी सुशीला आहेच. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून दाण्याचा कूट आणि कोथिंबीर. दहा मिनिटं.

गव्हाची खीर थोडी वरच्या इयत्तेतली, पण कठीण नाही. तिच्यात एक कळ आहे, ती सांगते. गहू ओलसर करून सडून भरडायचे, किंवा दुकानातून तयार सडलेले आणायचे, रात्रभर भिजवायचे आणि सकाळी कुकरमध्ये भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवायचे. गूळ त्यानंतरच. आधी घातला तर गहू शिजायचं नाव घेत नाहीत, कितीही शिट्ट्या काढा. गूळ विरघळला की सुंठ, वेलदोडा, खोबरं, खसखस. दूध मात्र खीर उतरवून थोडी निवल्यावर, किंवा सरळ वाटीत वाढताना वरून. उकळत्या गुळात दूध ओतलं की फाटतं, आणि मग करणारीच्या डोळ्यांत पाणी येतं. या दोन ओळी ज्याला माहीत आहेत त्याची खीर बिघडत नाही.

नांदेडला गेलात तर एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी जिथं देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबमध्ये देशभरातून माणसं येतात, आणि प्रत्येकाच्या ओंजळीत कडाह प्रसाद पडतो. कणीक, तूप आणि साखर, तिन्ही सारख्या मापाचे, आणि पाणी. याखेरीज काही नाही. कणीक तुपात तांबूस होईपर्यंत भाजायची, खमंग वास सुटला की साखरेचं गरम पाणी ओतायचं, ढवळत राहायचं. माणूस कुठला, कुठल्या जातीचा, श्रीमंत की गरीब, हे न विचारता एकाच कढईतून सगळ्यांना सारखं. घरी तेच माप धरून केला तर कणकेचा शिरा होतो, आणि माप लक्षात ठेवायला कागदसुद्धा लागत नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं आणि घराघरांत टिकलं, त्याचं एक कारण हेच, की त्यांनी पदार्थ वाटी-चमच्याच्या मापात सांगितले. माप सोपं असलं की भीती जाते.

नाताळाचं म्हणाल, तर गोव्यात ख्रिस्ती घरांतल्या ताटात नेवऱ्या असतात, त्या तळलेल्या. दोदोल असतो, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास ढवळून केलेला. बेबिंक भाजावं लागतं हे खरं, पण जुन्या घरांत त्यालाही वरून निखारे ठेवून आच दिली जायची. नाताळ ज्यांचा, त्यांच्या ताटातही केक एकटा नसतो.

आता लातुरातल्या त्या पोरांचं, ज्यांच्या खोलीत गॅससुद्धा नसतो. उद्योग भवनाच्या आसपासच्या शिकवणी परिसरात बीड, परभणी, हिंगोली, नांदेडहून आलेली मुलं-मुली दोन-दोन वर्षं राहतात. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'चं नाव राज्यभर आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचे गुण सगळे विचारतात. पोर सणाच्या दिवशी काय खातं, हे फार कमी जण विचारतात. सणाला मेस बंद, घर लांब, परीक्षा जवळ, आणि हातात वेफर्सचा पुडा. माझा एक भाचा असाच राहतो. त्याचा फोन आला, "मावशी, लाडवांचा डबा पाठव ना." मी म्हटलं, "पाठवते. पण सोबत दाळव्याचं पीठ, पिठीसाखर आणि तुपाची बाटली पण पाठवते. पुढचा डबा तू वळून मला द्यायचास." थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रूमवरच्या पोरांना पण बसवतो." त्यांनी कागद अंथरला, हात धुतले आणि वळले. लाडू लहान-मोठे झाले होते, एकदोन फुटले होते, ते तिथंच संपले. आईला फोटो पाठवला तेव्हा आईने दोनदा विचारलं म्हणे, "खरंच तूच केलेस?"

हे मला महत्त्वाचं वाटतं. पोराला डॉक्टर करायला आपण शेत गहाण ठेवतो, आणि स्वतःच्या पोटापुरतं दोन हातांनी काही करायला शिकवायला मात्र वेळ नसतो. मुलीला शिकवतो, तेही सासरच्या भीतीने. दाळव्याचा लाडू शिकायला एक संध्याकाळ लागते.

आणि ती सासरची भीतीही आता जाऊ द्या. फराळ म्हणजे सुनेची परीक्षा, हे आपण किती वर्षं चालवणार? अनारशाला जाळी पडली का, तुपात सोडल्यावर हसला तर नाही, चकलीला काटे आले का, करंजी फुटली का. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाळवायचे, दळायचे, गुळात मुरवायचे. मग ते तुपात विरघळून गेले की शेजारच्या काकूंच्या देखत मान खाली घालायची. ज्यांना अनारसे करायला आवडतात त्यांच्या हाताला माझा नमस्कार आहे, ती कला टिकावी. ज्यांना जमत नाहीत त्यांनी बचत गटाच्या बायकांकडून पैसे मोजून आणावेत. त्या बायकांचं घर त्यावर चालतं. आणि घरी शेंगदाण्याचे लाडू करावेत. पाहुण्याने कुठलं घरचं आणि कुठलं विकतचं हे विचारू नये. विचारलं तर सांगून टाकावं.

एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण आमच्याकडे गुळाचं म्हटलं की माणसं डोळे मिटून खातात. गूळ ही उसाचीच साखर आहे. मधुमेहाच्या माणसाला गुळाच्या लाडवानेही साखर चढते. "गुळाचंच आहे, घ्या हो" म्हणून आजोबांना चौथा लाडू वाढू नका. त्यांच्यासाठी अर्ध्या आकाराचे दोन वेगळे वळा आणि कोण किती खाणार हे त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावर सोडा. अगदी लहान लेकरांना अख्खे दाणे राहिलेला लाडू देऊ नका, घशात अडकतो. त्यांच्यासाठी कूट बारीक करा. आणि गूळ घेताना पिवळाधमक बघून घेऊ नका. तो रंग आणायला बऱ्याचदा रसायन घातलेलं असतं. जरा काळपट, चिकट गूळ मला बरा वाटतो, आणि लाडू वळायलाही तोच सोपा.

तर आता येळवशीचं ठरवा. आदल्या दिवशी दुपारी दाणे आणि तीळ भाजून गार करायचं काम एकाने घ्यायचं. संध्याकाळी जेवणं उरकली की स्वयंपाकघरातून बाहेर, बैठकीत सतरंजी घाला. भज्जीच्या भगुन्यापाशी गर्दी नको, तिथं बायकांना जागा लागते. मधे मोठी परात. सासरे, दीर, भाऊ, पुतण्या, सुट्टीवर आलेला जावई, सगळ्यांनी हात धुऊन बसायचं. शेतात पन्नास माणूस जेवणार असेल तर एक किलो शेंगदाणे आणि सातशे ग्रॅम गूळ पुरतो, माणशी एक लाडू जाऊन वाटेत भेटणाऱ्यांना द्यायलाही उरतात. टीव्ही चालू राहिला तरी चालेल. तासाभरात परात रिकामी होते. झोपायला अजून वेळ असतो. ती परात पुसून घ्यायची, तुरीच्या शेंगांचं गाठोडं तिच्यात मोकळं करायचं आणि त्यांच्याच पुढ्यात सरकवायचं. सोलता सगळ्यांना येतं.